ओझ्याची वाटणी

संगमनेरच्या रानवाट मंडळाचा एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेलाही कोणी पाहिला नव्हता. चढावर एखादा गडी थकला, की त्याला ‘थकलास का?’ असं विचारायचं नाही. विसाव्याला त्याची सॅक गुपचूप उघडायची. तांदूळ एकानं घ्यायचे, पातेलं दुसऱ्यानं, दोर तिसऱ्यानं. थकलेला हलका होतो, बाकीच्यांना फारसं जाणवत नाही आणि कोणाचा पाणउताराही होत नाही. अलंगगडाच्या कड्यापासून हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेपर्यंत पंचवीस वर्षं हा नियम पाळला गेला आणि त्यानं एकदाही दगा दिला नाही. हिमालयात मात्र त्यानं घात केला.

तिघंच जण होते. मंडळाचा म्होरक्या विश्राम खरमाळे, त्याची बायको वसुधा आणि हैबती भांगरे. विश्राम पन्नाशीचा, आवाज असा की एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजावर हाक जावी. गाठी मारण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. वसुधा हायस्कुलात गणित शिकवायची. हैबती अकोले तालुक्यातला. पाय बकरीचे आणि जीभ तिखट. उन्हाळ्यात हिमालयात आणि एरवी सह्याद्रीत लोकांच्या तुकड्या फिरवून तो घर चालवायचा. एकदा मदनगडाच्या कड्यावर विश्रामचा पाय सुटला, तेव्हा वरून दोर धरून उभा राहिलेला माणूस हैबती होता. दोराच्या चटक्यानं त्याच्या दोन्ही तळव्यांवर कायमची रेघ उठली होती. विश्राम ती रेघ दाखवून म्हणायचा, “ज्योतिषानं माझी आयुष्यरेषा पाहायची असेल, तर हैबत्याचा हात पाहावा.”

झुंगला नावाच्या खिंडीची मोहीम ठरली आणि तिघांच्या बरगडीवर टिकल्या लागल्या.

या टिकलीचं आधी सांगायला हवं. चार हजार मीटरच्या वर हवा विरळ होते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. प्राणवायू कमी पडला, की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यांतला दाब वाढतो आणि काही जणांच्या बाबतीत रक्तातलं पाणी पाझरून फुफ्फुसांत उतरायला लागतं. माणूस कोरड्याठाक डोंगरावर आतल्या आत बुडतो. हे कोणाला होईल, ते पूर्वी सांगता येत नसे. पैलवान जायचा आणि शेजारचा काडीपैलवान ठणठणीत राहायचा.

टिकलीला ते सांगता येऊ लागलं. रुपयाएवढी चकती, काखेखाली जेल लावून चिकटवायची. दर मिनिटाला ती छातीतून एक अतिशय बारीक विद्युतप्रवाह सोडते. हवेतून तो जाता जात नाही, पाण्यातून सहज जातो. प्रवाहाचा अडथळा कमी होत चालला, की समजायचं, आत पाणी येतंय. त्यात नाडी आणि रक्तातला प्राणवायू मिळवायचा, आधी डोंगर चढून गेलेल्या लाखो देहांशी ते ताडून पाहायचं आणि फोनवर एक आकडा दाखवायचा. पुढच्या बारा तासांत तुम्ही कोसळण्याची शक्यता शंभरात किती, तो हा आकडा. गेल्या दोन तासांच्या नोंदी धरून तो चढतो-उतरतो आणि क्वचितच चुकतो.

डॉक्टरांच्या आधी विमा कंपन्यांनी टिकली उचलली. आकडा तीसच्या वर गेला, की तासाभरात उतरायला लागायचं. नाही तर विमा त्याच क्षणी बंद. उतरलात तरी तो लाल आकडा तुमच्या नावावर जन्माचा चिकटला. पुढे उंचीवरचा विमा कोणी देणार नाही आणि विम्याशिवाय परवाना नाही. साठच्या वर गेला, तर मात्र कंपनीचा पाळणा आपोआप निघतो. पाळणा म्हणजे चार पंख्यांची विनाचालक झोळी. एका वेळी एकच माणूस नेते.

“ही टिकली विम्याचा गळा दाबणार,” वसुधानं पहिल्याच मुक्कामावर सांगून टाकलं होतं. “वीज कोणाच्या घरावर पडणार हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे मिळून वर्गणी काढतात. त्यालाच विमा म्हणायचं. घराचा नंबर आधीच कळला, तर बाकीचे कशाला वर्गणी देतील? ज्याच्यावर पडायची, त्याला म्हणतील, तू निघ.”

“मास्तरीणबाई, सुट्टी लागली आहे,” विश्राम म्हणाला. आंगचुक नावाचा तिथला वाटाड्या हसला. त्याला टिकली नव्हती. त्या लाखो देहांत त्याच्या गावचा एकही देह नव्हता, त्यामुळे यंत्राला तो कळत नसे.

तिसऱ्या मुक्कामावर हैबती खोकायला लागला. दुपारी त्याचा आकडा चोवीस झाला.

हैबतीनं चहा खाली ठेवला. “वहिनी, तीस झालं तर मी संपलो. छातीचं काय नाय हो. कोरडी हवा हाय, घसा धरलाय निस्ता. पण ह्या मशिनीला कोन सांगनार?”

आंगचुकनं त्याच्या पाठीला कान लावला आणि आपल्या हिंदीत सांगितलं, की खोकला घशाचा वाटतो, पण एक दिवस थांबा. थांबायला दिवस नव्हता; खिंडीचा परवाना तारखेला बांधलेला होता.

कल्पना वसुधाची. हे नंतर तिनं कधी नाकारलं नाही. फोनवरच्या तीन आकड्यांकडे पाहत ती म्हणाली, “माझे सहा, यांचे नऊ, हैबतींचे चोवीस. सरासरी तेरा. टिकली आपल्याला ओळखत नाही, तिला फक्त तिच्यावरचं नाव माहीत आहे. सकाळी फोनसमोर चेहरा दाखवायचा तेवढा आपापला दाखवू. मग दर दोन तासांनी टिकल्या फिरवायच्या. हैबतींची यांना, यांची मला, माझी हैबतींना. पुन्हा तसंच पुढे. हैबतींची छाती पाळीपाळीनं तिन्ही नावांवर जाईल आणि कोणाचंच नाव तीसच्या वर जाणार नाही.”

विश्राम तिच्याकडे पाहतच राहिला. “अगं, हे तर आपलंच झालं. सॅक उघडायची आणि ओझं वाटून घ्यायचं.”

“आणि खरंच बिघडलं तर?” तिनं विचारलं.

“बिघडलं तर डोळे आहेत की आपल्याला.”

टिकली पाच मिनिटांत पुन्हा अंगावर गेली, तर यंत्र कुरकुर करत नसे; घाम पुसायला तेवढी सवलत होती. उंचीवर सगळ्यांचीच नाडी सैरभैर झालेली असते, त्यामुळे बाईची छाती की बाप्याची, इतकं बारीक ते पाहत नसे. चौथ्या दिवशी सकाळपासून खेळ सुरू झाला. खडकाच्या आडोशाला तिघं पाठमोरे उभे राहायचे, टिकल्या हातोहात पुढे सरकायच्या, जेलची नवी पुडी फुटायची. हैबती म्हणायचा, “शाळेत संगीत खुर्ची खेळलो, त्यापरीस ह्ये लई अवघड.” दोन दिवस एकही नाव अठ्ठावीसच्या वर गेलं नाही. वसुधाला मनातून अभिमान वाटत होता. इतकं सोपं गणित कंपनीच्या हुशार माणसांना सुचलं नाही, याचा.

मधून मधून एक गोष्ट तिला दिसायची. विश्रामच्या अंगावर असलेली टिकली चढलेली असायची. पण विश्रामकडे येणारी प्रत्येक टिकली हैबतीच्या अंगावरून आलेली असायची. आधीच्या दोन तासांचं उरलंसुरलं असणार, असं तिनं धरून चाललं. नियमात बसणारं उत्तर मिळालं, की गणिताचं माणूस पुढे पाहत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ते खिंडीखालच्या मुक्कामावर पोचले. पाच हजार शंभर मीटर. विश्राम तंबूचा दोर बांधायला बसला. आंगचुक लांबून पाहत होता. तो वसुधाजवळ आला.

“मॅडमजी, साहेबांनी ती गाठ तीनदा मारली. तीनदा सुटली.”

“थंडीनं बोटं आखडलीत.”

“बुटाची नाडीही सुटी आहे.”

वसुधानं फोन पाहिला. विश्राम खरमाळे, बारा. “आकडा बारा आहे,” ती म्हणाली. आणि म्हणताना तिच्या हेही लक्षात होतं, की तो बाराचा आकडा त्या वेळी तिच्या स्वतःच्या छातीवर होता. माणूस स्वतःला किती सहज फसवतो! आंगचुकनं मान हलवली आणि तो पाणी तापवायला गेला.

सव्वाबाराला तिन्ही फोन एकदम ओरडले. हैबती भांगरे, अडुसष्ट. पाळणा निघाला आहे. वीस मिनिटं. वाऱ्यामुळे आजची ही शेवटची फेरी.

हैबती दगडावर बसून खोकत होता. त्यानं दचकून स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग तो विश्रामकडे वळला. हैबतीच्या नावाची टिकली पाऊण तासापूर्वीच विश्रामच्या अंगावर गेली होती.

“हे हैबत्याचं आहे,” विश्राम म्हणाला. आवाज घोगरा होता आणि प्रत्येक शब्दानंतर तो श्वास घेत होता. “आत्ताच त्याच्याकडून आली ना? खोकतोय कोण? मी खोकतोय का?”

“अहो, पाऊण तास झाला. तुमच्यावर असताना चढलीय ती.” वसुधानं त्याचा हात हातात घेतला. नखं जांभळी होती. सकाळपासून तो हातमोजे घालून होता. “तुम्ही जा पाळण्यात.”

“चेहरा जुळायला लागतो. माझं तोंड आणि हैबत्याचं नाव. उचलणार नाही तो.”

“मग मी कंपनीला खरं सांगते.”

“सांग.” विश्राम खाली बसला. “अदलाबदल केली म्हटलं की तिन्ही विमे गेले. पाळणा अर्ध्यातून मागे फिरेल. मग हैबत्या पण इथंच, मी पण इथंच. तुझ्या गणितात बसतं का ते?”

हैबती उठला. “दादा, मी नाय जात. माझं मला कळतं, मला चालवतंय.”

“हैबत्या, तुझ्या छातीत पाणी असेल तर रात्री इथं मरशील. नसेल, तर खाली जाऊन चार माणसं आणि प्राणवायूची नळकांडी वर पाठव. दोन्हीकडून तूच जायचं. पुढाऱ्याचा हुकूम आहे.” हे बोलताना त्याचं डोकं इतकं स्वच्छ वाटलं, की वसुधाला धीर आला. नवरा बरा आहे असं तिला वाटायला हवंच होतं, म्हणूनही आला असेल.

टिकली परत हैबतीला लावायची होती. सॅक उलटी केली तेव्हा कळलं, की जेलची एकच पुडी उरली आहे. दहा दिवसांच्या पुड्या दोन दिवसांच्या अदलाबदलीत संपल्या होत्या. हैबतीच्या अंगावरची वसुधाच्या नावाची टिकली काढून ठेवली आणि ती शेवटची पुडी त्याच्या बरगडीवर गेली. पाळणा आला, धूळ उडाली, काचेआडचा दिवा हैबतीच्या तोंडावरून फिरला आणि हिरवा झाला. झोळी मिटण्याआधी हैबतीनं विश्रामचा हात धरला. तळव्यावरची रेघ त्याच्या मनगटावर दाबून धरली. मग पाळणा उठला.

त्यानंतर अर्ध्या तासात विश्रामला उभं राहता येईना. श्वासाबरोबर छातीतून रटरट आवाज यायला लागला, भात शिजताना येतो तसा. गुलाबी फेस आला. आंगचुकनं गोळी दिली, जवळचं एकुलतं एक नळकांडं त्याच्या नाकाला लावलं आणि पाठीवर दोर घेऊन त्याला बांधायला घेतलं. वसुधानं उपग्रह-फोनवर कंपनीचं बटण दाबलं.

“नमस्कार, वसुधाताई,” एक गोड, न दमणारा आवाज आला. यंत्राचाच. “काय मदत करू?”

“माझ्या मिस्टरांची तब्येत बिघडलीय. विश्राम खरमाळे. फेस येतोय तोंडातून. माणसं पाठवा, काहीही पाठवा.”

“विश्राम खरमाळे यांचा आकडा पाच आहे. काळजीचं कारण नाही.”

“ती टिकली माझ्या अंगावर आहे! आम्ही बदलल्या. मी बदलायला लावल्या. ऐकताय का? ते पाच माझे आहेत!”

आवाज तसाच गोड राहिला. “ताई, आपली स्वतःची टिकली अर्ध्या तासापूर्वी सुटल्याचं दिसतं. आपल्या बोलण्यात गोंधळ जाणवतो. उंचीवर असं होतं. कृपया घाबरू नका, टिकली पुन्हा लावा आणि सोबत्यांच्या मदतीनं खाली उतरा.”

तिनं स्वतःच्या अंगावरची टिकली नखानं अर्धी सोडवली. मग थांबली. जेल नव्हतं. काढली, तर ती कोणाच्याच अंगावर लागणार नव्हती आणि विश्रामचं नाव पडद्यावरून पुसलं गेलं असतं. तिनं ती पुन्हा दाबून बसवली. त्या वेळी तिला एवढंच कळलं, की हे नाव पुसायचं नाही.

आंगचुकनं त्याला पाठुंगळी घेतलं. वसुधा मागून त्याचे पाय सावरत होती. दगडगोट्यांच्या उतारावर दर पन्नास पावलांना थांबावं लागत होतं. एकदा विश्रामनं डोळे उघडले.

“जड झालोय का गं?”

“नाही हो. काहीच नाही.”

“सॅक उघडून बघ. कोणीतरी घ्या थोडं.”

त्यानंतर तो बोलला नाही. पिवळ्या गवताच्या पहिल्या पट्ट्यापाशी सव्वातीनला आंगचुक गुडघ्यावर बसला, त्याला अलगद खाली उतरवलं आणि टोपी काढली. वसुधानं नाकाशी हात धरला. छातीला कान लावला. मग ती ओरडली. ती हाक सगळ्या दरीत फिरली आणि तिला उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. ठरलेल्या वेळेचा निरोप होता. विश्राम खरमाळे, चार. प्रकृती उत्तम. आपण योग्य वेगानं उतरत आहात.

हैबतीनं पाठवलेली माणसं साडेसहाला खालच्या वाटेवर भेटली. प्रेत त्यांच्या खांद्यावर दिल्यावर तिनं सदऱ्याआडून ती टिकली ओढून काढली. कंपनीच्या नोंदीत विश्रामच्या मृत्यूची वेळ तीच लागली. मधले सव्वातीन तास वसुधाचं काळीज त्याच्या नावावर चालत होतं.

कंपनीच्या चौकशीला उगाच खोलात जायचं नव्हतं. यंत्र चुकलं असं म्हणावं, तर बाजार बसतो. ‘टिकली अचानक निकामी, उतरताना अपघात’ असा शेरा मारून फाईल मिटली. वसुधा तीनदा खरं सांगायला गेली. तिन्ही वेळा तिला पाणी देण्यात आलं आणि विश्रांती घ्यायला सांगण्यात आलं.

दोन महिन्यांनी, शाळा सुरू झाल्यावर, एका रविवारी तिनं तिन्ही नावांच्या सगळ्या नोंदी कागदावर काढल्या. टिकल्यांचा क्रम ठरलेला होता, त्यामुळे कुठल्या वेळी कुठलं नाव कोणाच्या छातीवर होतं, हे मांडायला तासही लागला नाही. नावं खोडली आणि त्या जागी माणसं लिहिली. मग तीन रांगा आपोआप वेगळ्या झाल्या. तिची स्वतःची सहा, पाच, पाच. हैबतीची चोवीस, अठरा, अकरा, आठ. पाचव्या दिवसापासून तो माणूस ठणठणीत होता, राहिला होता तो नुसता घशाचा खोकला. आणि विश्रामची नऊ, पंधरा, एकवीस, अठ्ठावीस. प्रत्येक पाळीला, जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तशी, दोन दिवस. टिकल्या दर दोन तासांनी दुसऱ्या छातीवर जाऊन उतरल्या नसत्या, आपापल्या जागी राहिल्या असत्या, तर पाचव्याच संध्याकाळी तीस झाले असते. कंपनीनं हाकलून खाली उतरवलं असतं. विश्रामनं कंपनीला शिव्या घालत उतरून, घरी येऊन, वर्षभर त्याच शिव्या चवीनं पुन्हा सांगितल्या असत्या.

ती कागदाकडे पाहत बसली होती, तेवढ्यात फाटक वाजलं. हैबती आला होता. दर पंधरवड्याला यायचा, तांदूळ, नाही तर करवंदं घेऊन. आता तो बराच वाळला होता. हिमालय त्याला बंद झाला होता. नावावर अडुसष्ट लागले होते. शाळांच्या सहली गडावर नेऊन तो भागवत होता, आणि चढावर दर चार पावलांना थांबून छातीवर हात ठेवायची त्याला खोड लागली होती.

वसुधानं कागदावर पुस्तक ठेवलं आणि चहा टाकला.

“वहिनी,” तो खाली बसत म्हणाला, “एक इचारू? त्या दिवशी खाली दवाखान्यात डागदरनी फोटो काढला छातीचा. म्हनले, साफ हाय. मला तवापासून झोप नाय. म्हंजे मी धडधाकट असताना दादाच्या जागेवर बसून आलो का काय? तुमी हिशेबातल्या. तुमाला कळंल. खरं सांगा, पानी व्हतं ना माझ्या छातीत?”

चहा उकळून वर आला. तिनं गॅस बारीक केला. खरं सांगितलं असतं, तर त्याला आपले पाय आणि आपली छाती परत मिळाली असती आणि त्या बदल्यात विश्राम जन्मभर त्याच्या मानेवर बसला असता. खोटं सांगितलं, तर तो उरलेलं आयुष्य आजारी नसलेली छाती धरून चढणार होता. तिनं त्याच्या तळव्यावरच्या रेघेकडे पाहिलं.

“होतं,” ती म्हणाली. “खाली उतरलं, की ते आपोआप आटतं. फोटोत दिसत नाही मग. तुम्ही गेला नसतात, तर दोघंही गेला असतात.”

हैबतीनं डोळे मिटले. खांदे सैल पडले. मग तो रडला, मोकळं होऊन, लहान पोरासारखा, आणि चहा गार होईपर्यंत रडत राहिला. जाताना दारात थांबून म्हणाला, “लई जड झालं व्हतं, वहिनी.”

तो गेल्यावर तिनं फाटकाला कडी घातली आणि पुस्तकाखालचा कागद काढला. घडी घालून तो विश्रामच्या जुन्या सॅकच्या तळाशी ठेवला आणि तोंडाची दोरी ओढून गाठ मारली. त्यानंच शिकवलेली गाठ, पहिल्या झटक्यात पक्की बसली. मंडळाच्या नियमाप्रमाणे ही सॅक कोणीतरी गुपचूप उघडायला हवी होती. तिनं ती माळ्यावर, कोणाचा हात पोचणार नाही अशी, आत ढकलून दिली.